राखीव

आमच्या संघात आम्ही तिघं.
नाझनीन कोकणी, हेरंब खैरनार,
आणि मी, म्हणजे राखीव.
त्या दोघांपैकी कुणाला ताप आला तर.
तीन वर्षांत कुणाला साधी शिंकही आली नाही.

म्हणून माझं काम प्रश्न विचारायचं.
शनिवारी सकाळची शाळा सुटली
की जेलरोडला वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या वर्गात.
पगारे मॅडमनी जुन्या लग्नपत्रिका कापून
चिठ्ठ्या केल्या होत्या.
कोऱ्या बाजूला प्रश्न,
छापील बाजूला मावेल तिथे पेन्सिलीने उत्तर.
ऑक्टोपसला हृदयं किती?
उलटून बघायचं:
आमचे येथे श्रीकृपेकरून
तीन.

भद्रकालीतून दोन डोअरबेल आणल्या होत्या.
एक टिंगटाँग म्हणायची, दुसरी चिमणीसारखी ओरडायची.
चिमणी हेरंबने घेतली.
त्याला प्रश्न संपेपर्यंत थांबवत नसे.
"गोदावरी ब्रह्मगिरीवर..."
चिवचिव! "त्र्यंबकेश्वर!"
"अरे, उगम पावते तर ती समुद्राला
कोणत्या राज्यात मिळते, असं आहे."
टिंगटाँग. "आंध्र प्रदेश," नाझनीन म्हणायची,
दुधाचा हिशोब सांगावा तसं.

मला सगळंच यायचं.
पण ज्याच्या हातात चिठ्ठी
त्याने येतं म्हणायचं नसतं.

पप्पा नोट प्रेसमध्ये.
सुटताना गेटवर झडती, खिसे उलटे,
डब्याचं झाकणसुद्धा उघडून दाखवायचं.
घरी आणायचे ते फक्त अंगाला लागलेला शाईचा वास.
प्रेसमधलं काही विचारलं की म्हणायचे,
"आम्ही ताव मोजतो गं. वाचत नाही."

अंतिम फेरी गंगापूर रोडला, एका कॉलेजच्या हॉलमध्ये.
मी तिसऱ्या रांगेत, दोघांच्या बाटल्या सांभाळत.
शेवटचा प्रश्न, आम्ही पाच गुणांनी पुढे.
"आपल्या नोटेवर एकूण किती..."
हेरंबचा हात.
तिथला बझर खरा होता, चिमणी नव्हती,
तरी मला चिमणीच ऐकू आली.
"भाषा! पंधरा!"

"मागच्या पट्टीत पंधरा," सूत्रसंचालक म्हणाले, हसून,
"हिंदी आणि इंग्रजी धरून सतरा.
वजा दहा."

दुसरा क्रमांक. स्टीलचे दोन डबे.
बसमध्ये हेरंब खिडकीकडे तोंड करून बसला
तो थेट नाशिकरोड येईपर्यंत.
द्वारकेला गर्दीत बस अडकली तेव्हा नाझनीनने
त्याच्यापुढे शेंगदाणे धरले. त्याने घेतले नाहीत.

आता सांगते. तेव्हा नाही सांगितलं.
चिठ्ठीवर मॅडमनी नीट लिहिलं होतं:
नोटेच्या मागच्या बाजूला, पट्टीमध्ये, किती भाषांत रक्कम लिहिलेली असते?
एवढं लांबलचक कोण वाचणार.
भूक लागली होती. खाली भेळेची गाडी आली होती.
मी म्हटलं, "नोटेवर भाषा किती?"
चिवचिव. "पंधरा."
"बरोबर," म्हटलं मी, पुढची चिठ्ठी उचलली.
एकदा नाही. चार शनिवार.

रात्री पप्पांनी शर्टाच्या खिशातून दहाची नोट काढली,
जेवणाच्या टेबलावर पालथी घातली.
त्यांच्यामाझ्या मिळून दोन भाषा आणि थोडं संस्कृत,
बाकीची नुसती अक्षरं.
उद्या शेवटची ओळ नाझनीनला विचारू, म्हटलं,
ती उर्दू वाचते.
पप्पा चष्मा कपाळावर चढवून
बोटाने एकेक ओळ खाली सरकत गेले.
सत्तावीस वर्षं, म्हणाले, आणि बघ.
मग बोट थांबलं.
दहा रुपये. आपली.

वरून मोजली, आठवी.
मी खालून मोजली.
आठवी.

"हा प्रश्न कुणी विचारला का?" पप्पांनी विचारलं.
मी म्हटलं, नाही.
मॅडमच्या पिशवीतली एक कोरी चिठ्ठी माझ्याकडे उरली होती,
कुण्या आहेर-देवरे लग्नाची.
अख्खा प्रश्न लिहिला तिच्यावर,
एकही शब्द न गाळता.
उत्तराच्या बाजूला काहीच लिहिलं नाही.