बोटभर

मेसमध्ये सकाळी एकशे चाळीस पोळ्या.
नव्या पेठेतली पोरं, परीक्षेची पुस्तकं काखेत,
उभ्याउभ्याच जेवतात. भाजी, भात, ताक, गट्ट.
वाढताना मी त्यांच्या गळ्यांकडे बघते.
खोटं वाटेल कुणाला, पण मला ऐकू येतो
घास खाली उतरतानाचा तो बारीक आवाज.

माझ्या शार्दूलची अन्ननळी जन्मतःच अर्ध्यावर संपलेली,
खालचा तुकडा श्वासनळीला जाऊन चिकटलेला.
डॉक्टरीणबाईंनी जुन्या बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं,
"ही इथवर. ही इथून. हे आपण जोडू."
दोन रेघा, आणि मध्ये कोरा कागद, बोटभर.
त्या बोटभर जागेत मी अकरा महिने राहिले.

उष्टावण पोटावरच्या नळीतूनच झालं.
मामाने खिरीत अंगठी बुडवून नुसती ओठांना लावली,
मग खीर गाळली, सिरिंजमध्ये भरली
आणि हात उंच धरून उभा राहिला.
टाळ्या वाजवाव्यात की नाही,
कुणालाच कळेना.

जोडलं. खोकला मात्र राहिला.
श्वासनळी लुळी आहे म्हणाल्या, वाढेल तशी ताठ होईल.
रात्री खोकतो ते थेट भुंकल्यासारखं.
पर्वती पायथ्याचे आमचे घरमालक, केंजळे, जिना चढून आले,
"कुत्रं पाळायचं नाही असं ठरलं होतं, वहिनी."
मी दार पूर्ण उघडलं.
शार्दूल त्यांच्याकडे बघून हसला. मग खोकला.
केंजळे चपला हातात घेऊन खाली उतरले.
दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने गुरगुट्या भात पाठवला,
वर तूप. निरोप काहीच नाही.

एक घास चिऊचा.
मग थांबायचं. पाणी. पाठ सरळ.
काऊच्या घासाला कधी पंधरा मिनिटं,
कधी काऊ येतच नाही,
ओठ निळसर होतात, मी त्याला मांडीवर पालथा घेते,
आणि खाली रिक्षावाला सुट्ट्या पैशांवरून
कुणाशी तरी भांडत असतो,
मोठ्याने, भरल्या छातीने.

काल मेसमध्ये एका पोराला ठसका लागला.
माझ्या हातातलं लाटणं कधी पडलं, कळलं नाही.
त्याला वाकवून पाठीत पाच थापा घातल्या,
सगळे हसायला लागले.
"काकू, ताक नाकात गेलं होतं नुसतं."
"हो रे," म्हटलं. "सावकाश जेव."
तोपर्यंत एकशे अठरावी पोळी
तव्यावर करपली होती.