काळी-पांढरी वायर

मनोरीला उतरलो तेव्हा ओहोटी होती,
मार्व्याची बोट चिखलात पोट टेकून थांबली.
इनास किणी धक्क्यावरच उभा.
"रिक्षा नाही हां," म्हणाला, "आधीच सांगतो."

नाहीच ती रिक्षा.
पुढे एक, मागे दोन, फुग्यासारखे टायर,
टप नाही, पाठ टेकायला काही नाही.
वाळूत उधळण्यासाठी केलेली
आणि खाऱ्या वाऱ्याने सावकाश खाल्लेली.
थोरल्या दुमिंगने बहारिनहून जहाजात घालून पाठवली,
चौऱ्याऐंशी साली. मागोमाग स्वतःही आला.
तो हल्ली मागच्या खोलीत असतो. चालत नाही.
"आवाज तरी ऐकव म्हणतो," इनास म्हणाला.
"तीन मेकॅनिक झाले.
एकाने कार्बोरेटर नेला, तो वर्षाने परत दिला.
स्पार्कच नाही."

प्लग काढला, इंजिनाला टेकवला,
होडीच्या मशीनसारखी दोरी ओढली.
काही नाही. पुन्हा. काही नाही.
हात खांद्यातून निघेल इतकं काही नाही.

मग मीटर.
स्टेटरची कॉइल बोलली: दोनशेच्या आसपास, ठीक.
पिकअप बोलली. इग्निशन कॉइल कुरकुरत, पण बोलली.
हिरवी वायर बॉडीला घट्ट,
मीच घासली पॉलिश पेपरने, तांबं दिसेपर्यंत.
सगळे जिवंत आणि घरात शांतता.
अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

या जातीच्या मशीनला बॅटरी लागत नाही.
हिला बंद करायचं म्हणजे तोडायचं नाही,
जोडायचं:
काळी-पांढरी वायर बॉडीला टेकली
की सगळी ठिणगी मुकाट्याने लोखंडात जिरते.
चालू राहायचं तर हे एक टोक अधांतरीच लागतं.
ताजुद्दीन उस्तादांनी सांगितलं तेव्हा मी सतरा वर्षांचा,
मला वाटलं, चेष्टा करतायत.

इनासला पेट्रोल आणायला पलीकडे पाठवलं
आणि टाकी उचलली.
स्विचकडे जाणारी काळी-पांढरी नीट होती,
पण तिच्या पोटातून एक फाटा
नटाखाली गेलेला. गंज नव्हे, उंदीर नव्हे.
तीन उलटे पीळ, चौथा मागे दुमडलेला,
वर कापडी टेप, तिचं टोक दातांनी तोडलेलं.

असा डाव्या हाताचा पीळ
कुर्ल्याच्या गल्लीत एकच माणूस देत असे.
त्यासाठी मी पाना खाल्लाय पाठीवर.
उस्ताद जाऊन एकोणीस वर्षं झाली
आणि मनोरीत, टाकीखाली,
त्यांचा हात माझ्या हाताला लागला.

नखाने टेप सोडवली. पीळ उलगडला.
दोरी ओढली.
निळी. बारीक. दिवसाउजेडीही दिसेल अशी निळी.

"गावलं?"

ओट्यावर रेजिनाबाय. नव्वदीपलीकडची.
मला वाटलं होतं, झोपलीय.
"तवा हा इनास बारा वर्सांचा व्हता," म्हणाली,
"राती उठून गाडीवर जाऊन बसाचा.
एक पोरगा तसा घरी आणला व्हता. दुसरा कशाला आणू?
त्या मिस्त्रीला सांगितलं, अशी बंद कर
की कुनाला कलू नये."

मागच्या खोलीत कुणीतरी खोकलं.
तिने तिकडे पाहिलं नाही.
लुगड्याच्या ओच्यातून रुमालाची गाठ काढली,
गाठीवर बोटं ठेवून थांबली.
"त्यानं शंभर घेतले व्हते.
तू किती घेशील?"

कशाचे, हे मी विचारलं नाही.
बांधायचे की सोडायचे,
आणि तिनेही सांगितलं नाही.

पाणी चढायला लागलं होतं.
बोट निम्म्या खाडीत,
त्यात मांडीवर कॅन घेऊन बसलेला बावन्न वर्षांचा इनास
इथून बारा वर्षांचाच दिसत होता.

माझ्या एका हातात वायरीचं टोक.
दुसऱ्या हातात टेप,
तिचा दातांनी धरायचा कोपरा
माझ्या तोंडाजवळ.