पोचा

ईरीत नोव्हेंबरात हरणं माजावर येतात
आणि डिसेंबरात आमच्या वर्कशॉपला काम येतं.
फुटक्या हेडलाइटमध्ये अडकलेले करडे केस
वॉल्ट झिलिन्स्की चिमटीनं काढतो,
बोटं रुमालाला पुसतो, बोलत काही नाही.
मग फळ्यावर लिहितो:
जे शेवटी वाकलं, ते आधी सरळ करा.

मी वहीत उतरवून घेते.
एकावन्न वर्षांची, वर्गात सगळ्यांत मोठी,
पायात पोलादी टोकाचे पुरुषी बूट,
पुढे बोटांशी मोजे कोंबलेले.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधल्या,
मग एका मंगळवारी, अर्ध्या तासाच्या मीटिंगमध्ये
मीच जास्तीची निघाले.
नवरा म्हणाला, घरी बस थोडी.
बसले. थोडी.
मग रात्रीच्या कोर्सचा फॉर्म भरला,
अपघाती गाड्यांची बॉडी आणि रंग,
अठरा महिने, हातमोजे स्वतःचे आणायचे.

पहिल्या आठवड्यात एकेकाला एकेक फेंडर.
मागून लोखंडी डॉली धरायची, पुढून हातोडी.
पोरं दणादण ठोकत होती,
जणू पत्र्यानं उसने घेऊन बुडवलेत.
माझा फेंडर हळू बोलत होता.
वॉल्ट मागे येऊन उभा राहिला.
कोणी शिकवलं?

कोणी नाही, म्हटलं.
खरंच कोणी नाही.
तांबट आळीत बाबांच्या ऐरणीपासून सहा हातांवर
मी गणितं सोडवायची.
हातोडीला हात लावायची मुभा थोरल्याला,
माझ्या वाट्याला घंगाळं आणि चिंच.
पण कानाला कोण अडवणार?
पत्रा पोकळ असला की ठण्ण,
बसला की टक्.
त्या टक् वर मी एकोणतीसपर्यंत पाढे पाठ केले.

मठारणं म्हणतात याला, वॉल्टला सांगितलं.
त्यानं जीभ वळवून बघितली,
मथार, मतार, मटार,
आणि भर वर्गात मी एकटीच हसले.
तेव्हापासून कीशॉन रोज विचारतो,
आज वाटाणे ठोकायचे का?

चंदेरी रंग सगळ्यांत खोटारडा.
कोड तोच, डबा तोच,
तरी नवं दार जुन्याशेजारी परकं दिसतं.
मारिसोल आधी सलूनमध्ये नखं रंगवायची,
तिच्या मनगटाला स्प्रेगन पहिल्याच दिवशी कळली.
ती म्हणते, फवारा शेजारच्या दारावर विरत न्यायचा,
ज्याला साधा ओरखडाही नाही त्याच्यावर.
ज्याचं काही बिघडलं नाही
त्यालाही थोडा रंग लावून घ्यावा लागतो.

हे मी जेवताना नवऱ्याला सांगितलं.
त्यानं फक्त ताक मागितलं.
गुरुवारी बघते तर माझा ओव्हरऑल धुतलेला,
त्याच्या ऑफिसच्या शर्टांबरोबर, एकाच फेरीत.
आता सातही शर्ट
किंचित प्रायमरच्या रंगाचे आहेत.
तो ते घालून जातो.

कोर्स संपला तेव्हा
बाराव्या रस्त्यावरच्या गॅरेजनं घेतलं, शिकाऊ म्हणून.
तासाला एकोणीस डॉलर. पहिला हिवाळा
मिठानं खाल्लेले दाराचे खालचे काठ कापण्यात गेला.
मार्च संपता संपता थोरल्याला फोन केला,
माझी जेवणाची सुट्टी, त्याचे रात्रीचे साडेदहा.
बाबांच्या हातोड्या त्यानं मोडीत घातल्या
त्याला आता तेरा वर्षं झाली. किलोच्या भावानं.
एवढी शिकलीस, म्हणाला, आणि तिकडे पत्रे ठोकतेस?
मग म्हणाला, देतात किती?
मग बराच वेळ नुसती खरखर.
मग,
हातोडी कसल्या तोंडाची आहे?

मी फोन फेंडरच्या कडेला टेकवला.
एक ठोका दिला.
थांबून, दुसरा.

बसला नाही अजून, तो म्हणाला.
डावीकडे पोकळ आहे.
मार आणखी एक.