शिफ्ट धरून ल

नई सडकेवरच्या कुशवाहाने डबा उघडला,
पंख्यावरची धुळीची लोकर फुंकून उडवली,
म्हणाला, ‘दीदी, इसमें अब जान नहीं. नया ले लो.’
नवा अठ्ठावीस हजारांना.
पत्रिकेच्या एका पानाचे मला चाळीस मिळतात.
भागाकार तिथेच, उभ्याउभ्या केला.
सातशे पानं.
डबा मांडीवर घेऊन टेम्पोतून परत आले,
दवाखान्यातून कुणाला घरी आणावं तशी.

भोपाळहून भाचा फोनवर.
‘मावशी, पेन ड्राइव्ह लाव. आता एफ-बारा दाबत राहा.’
दाबत राहिले, बंद दाराची कडी वाजवावी तशी,
दौलतगंजात, डिसेंबरात, रात्री अकराला,
एक पाय रजईत.
खिडक्या गेल्या.
चौदा वर्षं त्यांतून बघत होते,
आत काय चाललंय ते त्यांनी कधी सांगितलं नाही,
नुसतं ‘थांबा’.

सकाळी सी शोधला. डी शोधला.
‘नाहीत गं. एकच तिरकी रेघ, सगळं तिच्याखाली.’
मग माझ्या पत्रिका? लघाट्यांची मुंज?
सातवीचा संस्कृतचा पेपर?
‘होममध्ये.’
घरात. बरं.

पासवर्ड टाकते तर काही उमटत नाही,
ठिपका नाही, चांदणी नाही.
वाटलं, कीबोर्ड मेला. तीनदा वाटलं.
‘त्याला कळतंय, तो दाखवत नाही इतकंच,’ निषाद म्हणाला.
मी काही बोलले नाही.
शेजारच्या खोलीत हे पेपर वाचत होते.

हिरव्या वहीत लिहून ठेवते:
एल-एस, काय काय आहे ते दाखव.
सी-डी, तिकडे जा.
सी-डी, जागा सोडून दोन टिंबं, मागे फीर.
आर-एम, पुसून टाक. याच्यापुढे लाल शाईत: विचारत नाही!
विचारत नाही हे कळलं
मुंग्यांच्या साखरपुड्याचं आमंत्रण गेल्यावर.
कचरापेटीत शोधलं. तिथेही नाही.
पुन्हा टाइप केलं.

कधी अडवतो. परवानगी नाही म्हणतो,
माझ्याच टेबलावर.
पुढे सुडो लावलं की तेच काम मुकाट होतं.
ए.जी. ऑफिसातून आले की बाबा म्हणायचे,
अर्ज तोच असतो, वजन बदलतं.

जुन्या फायली उघडल्या
तर मराठीचा एक शब्द नाही.
इंग्रजी अक्षरं, कंस, टोप्या, डॉलरची खूण.
‘मावशी, तो नुसता फॉन्ट होता.
वरून मराठी दिसायचं, आत ए-बी-सी.’
इतके शुभविवाह, इतके आमचे येथे श्रीकृपेकरून,
आणि आतून एकही मराठीत नव्हता.
दूध गॅसवर ठेवलं होतं. वास आल्यावर आठवलं.

आता नव्याने.
बोटं रेमिंग्टनची, सोळाव्या वर्षी
महाडिकांच्या क्लासात पट्टी खाऊन घडलेली, ऐकत नाहीत.
क-वर म्हणून जातात
आणि कागदावर नुसता पायमोड पडतो.
ळ तर सापडेचना.
निषादला विचारलं. तो जरा थांबला.
‘म्हणजे मोठा ल?’
भोपाळात जन्मला पोरगा. कमल आणि कमळ
त्याच्या कानात एकाच तळ्यात उगवतात.
पण शोधून त्यानेच दिला:
‘शिफ्ट धर, आणि ल.’

धरली.
बाळ. गूळ. काळजी. शाळा. वेळ.
जवळ. पातळ भाजी. फळी. कुलूप नको, खीळ.
पान भरलं तरी करंगळी शिफ्टवरून उठेना.
सेव्ह करताना नाव विचारलं, दिलं: ळ.
पुढे डॉट काय,
त्याने विचारलंच नाही.

पंखा थांबला. डब्याची पाठ अजून कोमट आहे,
हात शेकून घेते.
उद्या करमळकरांची पत्रिका द्यायची, दोन पानी.
आडनाव आधी टाइप करून बघते.