दोन पानं

मुख्याध्यापक म्हणाले, स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहा.
दोन पानं पुरे, आणि फोटोला जागा सोडा.

अडगळीच्या खोलीत, मोडक्या पृथ्वीगोलाखाली
तीन रजिस्टरं सापडली. वाळवीने कडेकडेने खाल्लेली,
हर्णैच्या किनाऱ्यासारखी; मधली जमीन तेवढी शिल्लक.

पहिल्या पानावर कर्नल थर्लो यांची विधवा.
तिने नवऱ्याच्या पेन्शनीतून
आणि विलायतेतल्या अकरा चर्चांच्या वर्गणीतून
या टेकडीवर कौलं चढवली,
‘अनाथ, निराधार व होतकरू मुलांकरिता’.
होतकरू कसं ओळखलं, ते लिहिलेलं नाही.
वजन लिहिलंय. उंची. देवीचे व्रण.

खाटा बेचाळीस.
दर खाटेला पितळी पट्टी, पट्टीवर दात्याचं नाव,
आणि मुलाला हाक त्याच नावाने.
म्हणजे धाकू तान्या खारवी, वय सात,
बाप गलबतासकट गेलेला, नातेवाईक नाहीत,
रात्रीच्या हजेरीला ताठ उभा राहून म्हणायचा:
मिस पोल्टन, हजर.

बोटीतून कोट आले. निळे, लोकरीचे, गळ्यापर्यंत बटणं.
आषाढात कोटांना बुरशी,
श्रावणात मानांना खरूज.
बाईसाहेबांनी विलायतेला लिहिलं, सुती पाठवा.
उत्तर नाताळात पोचलं:
दात्यांना लोकरीचा निळा पसंत आहे.

वर्षातून एकदा पत्र.
मजकूर फळ्यावर, मुलांनी फक्त उतरवायचा.
मी सुखात आहे. मी प्रार्थना करतो. मी आपला आभारी आहे.
बेचाळीस पत्रं,
एकच सुख.

एक पत्र मात्र गेलंच नाही.
गंजल्या टाचणीने रजिस्टराला टोचून ठेवलेलं,
अंगभर लाल शाईची फुली.
आभारी आहे, याच्या पुढे धाकूने
मोडक्या इंग्रजीत आपलं आपण घातलं होतं:
आज खाली बांगडा इतका आला की टोपल्या पुरेनात.
वास आमच्या खाटांपर्यंत येतो.
इथे सकाळी मतलई, दुपारनंतर खारा.
तुमच्याकडे वारा कुठून येतो?

बांगडा आणि मतलई हे दोनच शब्द त्याने मराठीत ठेवलेत.
त्यांना त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या रजिस्टरात मिस पोल्टन वारल्या.
पुतण्याने वर्गणी पुढे चालवली नाही.
खाट सतरा: दाता नाही.
मुलगा: नातेवाइकांकडे रवाना.

मी मागे जाऊन पहिलं पान पुन्हा वाचलं.
नातेवाईक नाहीत.
मधे काही वाळवीने खाल्लं असेल म्हणून
उजेडाला धरून पाहिलं. काही खाल्लेलं नव्हतं.

संध्याकाळी लिलावाला उतरलो, सुरमईच्या निमित्ताने.
बर्फ फोडणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं,
पोल्टन असं काही ऐकलंय का कधी?
त्याने तोंडातला विडा गालात सारला.
‘पोलटनांचं घर? त्या जेटीकडं. रखमाबायचं.
त्यांचा पणजा पलटणीत व्हता ना, म्हणून पोलटन.’

रखमाबाईनेही तेच सांगितलं. पलटणीत.
बंदूक नव्हती, पण कोट होता म्हणे, निळा.
तिच्या सासूने त्याच्या गोधडीला ठिगळं लावली होती.
मी सुरमई घेतली. पैसे दिले.
पलटण नव्हती, हे काही बोललो नाही.

सातवी ब, हजेरी क्रमांक तेवीस: पोलटणकर, दर्शिता.
चार वर्षं मी हे नाव रोज उच्चारतोय.

रात्री दोन पानं लिहून काढली.
खाटा, कोट, पट्ट्या, पत्र.
फोटोला जागा सोडली.

मुख्याध्यापकांनी उभ्या उभ्या वाचलं. छान, म्हणाले,
भाषा चांगली आहे तुमची,
फक्त ही मासळीची ओळ नको, पाहुणे येणार आहेत.
आणि खिशातून पेन काढलं.
लाल.