आठवा गोल

तीन आठवडे झाले. अमारिलोत सात मिनिटं गारा पडल्या.
एक मी उचलून फ्रीजरात ठेवली,
ओल्या खोबऱ्याच्या डब्याला टेकवून. पुरावा.

आज विम्याचा कर्टिस आला. शिडी लावली,
ठिक्कर आखावं तसा छपरावर चौकोन आखला,
दहा फूट बाय दहा,
आणि जिथे मार, तिथे खडूचा गोल.
मी खालून मान मोडेस्तोवर मोजत होते.

"सात," तो म्हणाला. "आठ लागतात."

शेजारच्या वर्लीनकडे अकरा निघाले.
ढग तोच.
कुंपणावरून म्हणते, तुमचं छप्पर नशीबवान!
तिलाही पहिले सहा हजार पदरचेच घालायचेत,
घराच्या किमतीचे दोन टक्के;
ती बारीक अक्षरं सही करताना
आम्हीही पानासकट उलटली होती.

रात्री श्रीरंग म्हणाला, हातोडी घेऊन जाऊ वर?
एकच ठोका.
हसलो.
मग दोघंही अंधारात छताकडे बघत पडलो.

पहाटे फ्रीजर उघडला.
लिंबाएवढी होती, बोराएवढी उरलीय.
परत ठेवली, दार दाबून लावलं.
मे अजून अख्खा बाकी आहे.