एक डॉलर एकोणीस सेंट

नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान आणि गहाणवटीचं दुकान,
यांच्या मधोमध आमचं.
ईरी, पेनसिल्व्हेनिया. सरोवरावरून वारा सुटला
की दाराची घंटा गिऱ्हाईक नसतानाही वाजते.

लेस्टर गोर्नियाक ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी यायचा,
नखांत रेल्वे-इंजिनाचा निळा रंग,
काही न विचारता पन्नासची नोट ठेवायचा, वर तीन सुटे.
थोरल्या कंपनीचा फुटबॉल.
लांबट चेंडूचा, खांद्यांना ढाली बांधून खेळायचा.
अकरा वर्षं तोच खेळ,
डब्यावरचा आकडा फक्त एकाने मोठा
आणि चेहरा नवा.
मी म्हणायचे, "चौदा दिवसांत परत करता येतो, पावती जपा."
पावती काउंटरवरच राहायची.

बाराव्या वर्षी शेजारच्या फळीवर धाकटी कंपनी आली.
एकोणीस डॉलर नव्व्याण्णव सेंट.
दुकान बंद करून मी दोन्ही खेळून पाहिले होते.
धाकटीच्या मैदानात पडलेला बर्फ खरंच साचायचा,
खेळाडूंच्या तोंडातून वाफ,
हरणाऱ्यांचे प्रेक्षक शेवटच्या डावात उठून घरी जायचे.
हे मी लेस्टरला सांगितलं.
त्याने डबा उलटा केला,
कलिंगडाला मारतात तशी टिचकी मारली.
"काहीतरी काढून घेतलं असणार ह्यातून.
नाहीतर वीसला कोण देतं?"
आणि पन्नासची नोट ठेवली.

दाम करी काम, खरं आहे.
पण दाम फारच उतरला
की माणूस मालाकडे बघत नाही,
विकणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतो.

डिसेंबरात त्याची मुलगी आली, डीलिया,
बारा वर्षांची, हातमोजे ओले.
चार घरांपुढचा बर्फ उपसलेला, घरटी पाच डॉलर.
वीस मोजून ठेवले, बाजूला धाकटीचा डबा.
कराचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.
एकवीस एकोणीस.
बाप दारापाशी पोस्टर वाचत होता,
ह्या मुलीबरोबर आपण आलोच नाही असा.
मग आला. खिशात हात घातला,
आणि एक डॉलर एकोणीस सेंट पुढे सरकवले,
भाऊबंदकीच्या दाव्यात
समोरच्या बाजूने साक्ष द्यावी तसे.

फेब्रुवारीत तक्रार घेऊन आला.
खेळाची नाही, अंगठ्याची.
"डोकं म्हणतं पास दे, हा जातो जुन्याच बटणावर.
चेंडू थेट बाकावरच्या माणसांत.
पोरगी बेचाळीस-तीनने हरवते मला,
आणि मैदान पांढरं होईस्तोवर हसते."
त्याने अंगठा उभा धरून दाखवला,
कधीतरी कोऱ्या कागदावर उठवून दिलेला
आणि मग विसरलेला.
हसत होता, हेही सांगायला हवं.

पुढल्या ऑगस्टात धाकटीची फळी रिकामी.
संघांची नावं, जर्सी, मैदानं,
लीगने सगळं एकट्या थोरलीला लिहून दिलं म्हणे.
आम्हाला एका ओळीत कळवलं.
लेस्टर मंगळवारीच आला. डीलिया त्याच्या खांद्याला लागलेली.
"ती वीसवाली?"
"येणार नाही."
"पुढच्या महिन्यात?"
"येणारच नाही, लेस्टर."

त्याने थोरलीचा डबा उचलला आणि किंमत वाचली.
इतक्या वर्षांत मी त्याला ती वाचताना
पहिल्यांदा पाहिलं, ओठ हलवत.
"आधीपासून एवढीच होती?"
"एवढीच."

पन्नासची नोट. तीन सुटे.
मी माझं नेहमीचं म्हटलं, चौदा दिवस वगैरे.
डीलियाने विचारलं, ह्यात बर्फ साचतो का,
मी पिशवी शोधत राहिले.
लेस्टरने पावती उचलली,
घडी घातली, आणखी एक घडी,
आणि पाकिटात, कारखान्याच्या ओळखपत्रामागे ठेवली.